डोळ्यात तीन थेंब

फ्रेमवाल्याने बायकोशी भांडणं सोडून दिलं होतं, आणि या वागण्याला काय म्हणावं ते तिला कळेना. लग्न झाल्यापासून हा माणूस शब्दाला शब्द देत आला. तिने काच पुसली की हा म्हणणार, डाग राहिला. तिने विचारलं कुठे, की म्हणणार, मग तो तुझ्या चष्म्यावर असेल. गिऱ्हाईक फोटोला फ्रेम घालायला यायचं आणि हसत जायचं. आता महिनाभर तिने काहीही टाकून बोलावं आणि याने "बरं" म्हणून स्टुलावर बसून राहावं.

"तुझे सासरे माझ्यावर रुसलेत," ती सुनेला म्हणाली.

"थकलेत हो, आई. जिना चढताना मध्येच थांबतात. हात बघा किती गार."

"सोंगं आहेत सगळी."

तोंडाने म्हणाली खरी, पण जाता-येता त्याच्याकडे बघत राहिली. माणूस भांडेनासा झाला म्हणजे त्याचं मन उडालं, एवढंच तिला कळत होतं.

तिचं मन मात्र जागेवर होतं. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा थेंब घालायचं काम तिने सुनेला हात लावू न देता आपल्याकडे घेतलं. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, असं सांगितलेलं. पण एक थेंब ही गोष्टच तिच्या हाताला ठाऊक नव्हती. दुकानात फ्रेमच्या कोपऱ्यांना सरस तीच लावायची. एकाने लाकूड धरत नाही, तीन हवेत. मग अंगठ्याने कोपरा दाबून ठेवायचा. डोळ्यातही तीनच पडायचे.

एका दुपारी फळीवरची काच काढायला तो उठला आणि भिंतीला धरून खालीच बसला. चेहरा पांढराफटक. सून धावत जाऊन समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

"नाडी फार मंद आहे. औषधं कोणती चालू आहेत?"

"औषध कसलं? साधी गोळी घेत नाही हा माणूस," ती म्हणाली. "डोळ्यात ते पाणी घालते तेवढंच."

सुनेने बाटली आणून दिली. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं. "किती घालता?"

"तीन. हात आखडत नाही मी."

"आजी, हे डोळ्यातून नाकात उतरतं आणि नाकातून रक्तात जातं. राग आला, भीती वाटली की आपल्याला न विचारता काही नसा हृदयाला पळवतात ना? या औषधाने त्यांची हाक हृदयाला ऐकूच जात नाही."

फ्रेमवाला जमिनीवरून पुटपुटला, "राग येत होता गं. रोज येत होता. छाती साथच देत नव्हती."

ती खाली बसली आणि त्याचे गार तळवे आपल्या पदरात घेऊन चोळत राहिली, इस्पितळाची गाडी येईपर्यंत.

इस्पितळात त्याला ठेवून घेतलं, ते थेंब बंद केले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसरे दिले. त्यांनी पद्धतही दाखवली: थेंब एकच, पापणी मिटायची आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने हलकेच दाबून ठेवायचा, म्हणजे औषध खाली उतरत नाही.

"कोपरा दाबायला मला शिकवता?" ती म्हणाली, पण दोनदा करून दाखवायला लावलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी तो दुकानात येऊन बसला. ती सरस लावत होती. तो वाकून बघत राहिला, आणि एकदम कडाडला, "तिरका लावलास! डोळे माझे गेलेत की तुझे?"

सून दचकली. म्हातारीने फ्रेम खाली ठेवली, हात पुसले, त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. नाडी चांगली टणटण उडत होती.

"कोपरा सरळच आहे," ती म्हणाली, "तिरके तुम्ही आहात, आणि मला तस्सेच हवे आहात. आता मान वर करा, थेंबाची वेळ झाली. एकच घालते."