डोळ्यांच्या खालचा हात

मित्रांनो, पूर्वी माझ्यासमोर बसलेली मुलं मान वर करत नसत. मी एक जुना मांजरपाटाचा पडदा आहे, गुलटेकडीजवळच्या एका लहानशा चर्चमधला.

मला रंगवलं श्यामसुंदर पेंटरने. एरवी तो मार्केट यार्डातल्या गाळ्यांच्या पाट्या आणि गणपतीच्या मूर्ती रंगवायचा. रविवारच्या शाळेच्या मुक्ताबाई त्याला पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, 'प्रकटीकरण' वाचून दाखवत आणि तो ऐकेल तसं काढत जाई. सिंहासनावर बसलेला देव, भोवती मेघधनुष्य, लोकरीसारखे पांढरे केस. डोळे मात्र त्याने मूर्तीसारखे अगदी शेवटी उघडले, उपास करून. जळत्या ज्वाळाच त्या.

मोठ्या माणसांनी वाहवा केली. मग शकू आली. तिची आई नुकतीच वारली होती. देवाने नेलं, असं जो तो तिला सांगत होता. तिने माझ्याकडे पाहिलं, "यानंच नेलं," म्हणाली आणि पळाली. त्यानंतर ती उंबरठा ओलांडेना.

मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे, जयसिंगराव बाईंना म्हणाले, "आपण देव रंगवून घेतलात, का फौजदार?" रविवारी पोर आत आली नाही तर मला फाडून फरशी पुसायला घ्यायचं ठरलं.

बाईंनी श्यामसुंदरला डोळे सौम्य करायला सांगितलं. त्याने कुंचला खाली ठेवला. "बाई, उघडलेले डोळे आम्ही झाकत नाही. पण पुढे काय होतं, ते तुम्ही वाचलंच नाहीत."

खरंच, बाई डोळ्यांपाशीच थांबल्या होत्या. आता त्यांनी शेवटची पानं वाचली. तोच देव माणसांत राहायला येतो, त्यांचे अश्रू पुसतो आणि मरण उरतच नाही. श्यामसुंदरने सिंहासनाच्या पायाशी एक मुलगी काढली आणि तिच्या गालावर एक मोठा हात.

रविवारी मला फाडायला आणलेली कात्री पुढच्या बाकावर होती. शकू दारातच उभी. उपासना संपत आली, तरी बाईंनी तिला हाक मारली नाही. माझा धागा न् धागा ताणला होता. शेवटच्या गीताला ती एकेक बाक धरत पुढे आली. आधी हात पाहिला, मग डोळे.

"बाई, हा कुणावर रागावलाय?"

"मरणावर, बाळा."

शकू तिथेच, माझ्यापुढे बसली. जयसिंगरावांनी कात्री खिशात घातली. "फौजदार बरा आहे," एवढंच म्हणाले.

आता माझं मेघधनुष्य विटलं आहे. गुंडाळी करून मला कपाटावर ठेवतात, नाताळात काढतात. मित्रांनो, काढाल तेव्हा धूळ झटका आणि मला पुरता उलगडा. घाईत अर्ध्यावर थांबलात, तर पोरांना नुसते डोळेच दिसतील. हात खाली आहे.