चार दिवसांची फुली

मी एक जुना मायक्रोटोम आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. सूक्ष्मदर्शकाला सगळे ओळखतात, पण त्याच्याखाली ठेवायचा पातळ काप कोण करून देतं, हे कुणी विचारत नाही. तो मी करून देतो. माणसाच्या शरीरातला नखाएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, तो ठोकळा माझ्या चिमट्यात अडकवतात आणि माझं चाक फिरवतात. मग माझ्या पात्यावरून मेणाची अशी फीत निघते, की तिच्याआडून वर्तमानपत्र वाचता यावं.

अंबाल्याच्या एका कारखान्यात ओतीव लोखंडातून माझा जन्म झाला. लाकडी पेटीत भुसा भरून मला इथं आणलं, तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. एका मोठ्या दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या कडप्प्यावर मला बसवलं आणि माझं चाक कमरोद्दीन चाचांच्या हाती आलं. चाचा शहागंजचे. त्यांचे आजोबा हिमरूच्या नक्षीदार शाली विणायचे, आणि तो नाजूकपणा नातवाच्या बोटांत उतरला होता. मेण फार कडक झालं की चाचा ठोकळ्याजवळ तोंड नेऊन हळूच वाफ सोडत. मग फीत न तुटता सरळ यायची. तिला कोमट पाण्यावर तरंगवायचं, सुरकुती गेली की काचेवर झेलायचं. ती काच पाहून डॉक्टर म्हणायचे, "काप असावा तर चाचांचा." माझं नाव कुणी घेत नसे, पण मी ते माझंच कौतुक समजत असे.

बरीच वर्षं अशी गेल्यावर डॉ. तनुजा संशोधनासाठी आल्या. त्यांचा विषय होता गर्भाशयाचं अस्तर. हा विषय निघाला की मोठी माणसं मुलांना पाणी आणायला बाहेर पाठवतात. मी लोखंडाचा, मला कोण बाहेर पाठवणार? म्हणून मी सगळं ऐकलं, आणि तुम्हालाही सांगतो. बाईच्या पोटात गर्भाशय असतं. त्याला आतून एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते बाळासाठी नव्यानं तयार होतं, आणि बाळ आलं नाही की गळून जातं. तीच पाळी. त्या अस्तराला त्याचा स्वतःचा दिनक्रम असतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, तर कितव्या दिवशी ते कसं दिसावं हे ठरलेलं आहे. ते वेळेआधी किंवा वेळेनंतर तयार झालं, तर गर्भ रुजायला अडचण येते का, हे तनुजा मॅडम शोधत होत्या. काम मोलाचं होतं. मूल होत नाही म्हणून किती बायका मान खाली घालून दाराबाहेरच्या बाकावर बसायच्या, ते मी खिडकीजवळून रोज पाहत होतो.

त्यातलीच एक अपेक्षा. फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातली, लग्नाला सहा वर्षं झालेली. सोबत तिच्या सासूबाई, वच्छलाबाई. अपेक्षाच्या अस्तराचा इवलासा तुकडा माझ्यावर कापला गेला. मॅडमची एक चांगली सवय होती. त्या प्रत्येकीला आत बोलावून तिचा काप तिलाच सूक्ष्मदर्शकातून दाखवत. अपेक्षानंही डोळा लावला. गुलाबी जाळीदार नक्षी पाहून ती थोडी हसली.

"तुमचं अस्तर चार दिवस पुढं आहे," मॅडम म्हणाल्या. "घाईनं तयार होतंय. गोळ्या देते, बघू."

अपेक्षानं डोळा काढला. "म्हंजी दोष माझ्यातच हाय?"

"दोष असं नाही. पण कारण हे असू शकतं."

एवढ्या शब्दांतला बारीक फरक फुलंब्रीच्या एसटीत टिकत नाही. घरी पोचेपर्यंत कारणाचा दोष झाला. पुढच्या खेपेला आल्यावर अपेक्षा चाचांना म्हणाली, "आमच्या यांना मीच सांगितलंय, दुसरी करा. मी जाते माहेरी." तिचा नवरा शिवराज ऐकत नव्हता म्हणून ती थांबली होती, एवढंच. तिचं घर त्या चार दिवसांवर लटकलं होतं.

इकडे मॅडमपुढे नवल उभं राहिलं. शहरातल्या नर्सबाई, शिक्षिका यांचे काप वेळेवर होते. खेड्यातल्या बऱ्याच बायकांचे काप मात्र चार दिवस पुढं. पहिला संशय आला माझ्यावर. नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं. "मशीन जुनं झालंय, काप जाड निघत असतील," असं ठरलं. चाचा म्हणाले, "मॅडम, पुराना है, पण बेइमान नाही." कुणी ऐकलं नाही. नवीन यंत्र आलं, माझ्यावर प्लास्टिकचं कव्हर पडलं आणि मला कोपऱ्यात सरकवलं. नव्या यंत्रानं तेच ठोकळे कापले. उत्तर तेच आलं. मी निर्दोष ठरलो, पण कव्हर काढायला कुणी आलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मॅडमनी लिहायला घेतलं, की शेतातल्या फवारणीमुळे खेड्यातल्या बायकांचं अस्तर घाईला येत असावं. वाचायला ते अगदी पटण्यासारखं होतं.

नऊ महिन्यांनी अपेक्षाचा दुसरा तुकडा घ्यायचा होता. ती गोळ्यांनी सुजली होती. चाचांनी नोंद करायला तारीख विचारली. वच्छलाबाईंनी पिशवीतून कॅलेंडरची फाडून आणलेली पानंच काढली. "मागल्या खेपेला तोंडी सांगितलं व्हतं. आता म्हटलं, चूक नको, पुरावाच न्यावा."

प्रत्येक पानावर निळ्या पेनाची एक फुली होती. चाचांनी पानं हातात घेतली. विणकराच्या नातवाची नजर ती, टाका चुकला की थांबणारच.

"मावशी, ही फुली कोण मारतं?"

"मीच मारते की. कॅलेंडर देवघराच्या भिंतीला हाय. हिला ते चार दिस तिकडं हात लावायचा नसतो. पाचव्या दिशी डोक्यावरून पाणी घेतलं, की ही मला सांगते आन् मी फुली मारते."

"मंजे पाळी येते त्या दिवशी नाही?"

"त्या दिशी कसं मारायचं? इटाळात?"

चाचा उठले आणि मॅडमना बोलावून आणलं. वच्छलाबाईंनी तेच पुन्हा सांगितलं. मॅडमनी पानावर बोट ठेवून मागं मोजलं. एक, दोन, तीन, चार. शहरातल्या बायका पाळी आली त्याच दिवशी मोबाइलवर टिपत होत्या. खेड्यातल्या बायकांची फुली न्हाल्यानंतर पडत होती. अस्तर घाईत नव्हतंच. आमची मोजणीच चार दिवस उशिरा सुरू झाली होती.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी तारीख विचारली. ती कशी धरता, ते विचारलं नाही. अपेक्षा, तुमचं अस्तर अगदी वेळेवर आहे. गोळ्या आजपासून बंद."

मला वाटलं, आता ही पोरगी आनंदानं रडेल. ती रडली नाही. तिनं ती पानं एकावर एक रचली. मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमी मला एकदाबी घालवलं नाय. पर मी मनानं कवाच निघून गेले व्हते."

वच्छलाबाईंनी तिचा हात धरला. "फुली मी मारली आन् पाप तुझ्या माथी बसलं. देवाला इटाळ व्हईल म्हणून भ्याले, पोरी, तुझं काय व्हईल ते दिसलंच नाय." मग त्या मॅडमकडे वळल्या. "बाई, तोंडचा शब्द गावभर झालाय. आता कागद द्या. मी घरोघर तो वाचायला लावते."

मॅडमनी तिथंच कागद लिहून दिला. अपेक्षाला मूल झालं का, हे मला ठाऊक नाही, आणि तेवढ्यावरच तिची किंमत ठरवू नका. ती घरी राहिली, हे मला चाचांकडून कळलं.

मॅडमनी छापायला पाठवलेला लेख मागे घेतला. फाइल उघडून एकेकीला फोन लावले. बहुतेकींनी तीच गोष्ट सांगितली. चाचांनी माझं कव्हर काढलं, तेल घातलं आणि म्हणाले, "खऱ्या तारखा लावून सगळं पहिल्यापासून तपासायचंय. सगळे ठोकळे परत कापायचे. तुझ्यावरच." निवृत्तीला थोडेच महिने उरलेल्या त्या माणसानं खिडकीजवळ बसून एकेक काप पुन्हा घेतला. मी जपून चाललो. इतका जपून मी नवा असतानाही चाललो नव्हतो.

मित्रांनो, यंत्राला तेल लागतं, पात्याला धार लागते, हे तुम्ही शिकालच. पण माणसाला विचारावं लागतं. कुणावर दोष ठेवण्याआधी त्याच्या घरातली रीत विचारा, त्याची मोजायची पद्धत विचारा. आणि मुलींनो, मुलांनो, पाळीचा पहिला दिवस त्याच दिवशी लिहा. देवघराजवळ लिहा, नाहीतर दप्तरातल्या वहीत लिहा. त्या शाईला विटाळ होत नाही.

माझ्या शेजारच्या खणात एक पाकीट आहे. त्यावर मोनिका हे नाव लिहिलंय; तीही 'चार दिवस पुढं' असं सांगितलेल्या बायकांपैकीच. तिच्या सासरी फोन केला, तेव्हा उत्तर आलं की ती आता इथं राहत नाही, तिला सोडलंय. मॅडम तिच्या माहेरी दोनदा जाऊन आल्या. घराला कुलूप होतं, आई तिला घेऊन कुठं गेली ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. पाकिटात एकच ओळ आहे: तुमच्यात काही दोष नव्हता. मी कापलेल्या शेकडो कापांत तेवढंच एक उत्तर अजून कुणाच्या हाती पोचलेलं नाही.