बोट ठेवलं की गप्प

आमचा अनंता डिप्लोमा झाला आणि डोक्यावरच बसला. धामणकर नाक्याच्या डॉक्टरीणबाईंसाठी त्यानं पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र केलं होतं. त्यातली आवाज वाढवणारी जुनी चिप, तो आयसी म्हणतो ती, काढून त्यानं मुंबईहून नवा आयसी आणला, ऑप-अँप नावाचा.

"आई, हा लई फास्ट हाय, अन् याची स्वतःची खरखर न्हाय. बारीकसा आवाजपण मोठा करून देतो."

लावला, तर मेलं यंत्र शिट्टीच मारायला लागलं. फास्ट आयसी असाच बिथरतो म्हणे. त्याच्यावर बोट ठेवलं की गप्प.

"वा रे इंजिनेर! आता बोटासकट विकणार काय?" मी म्हटलं.

तो फणकारला. यंत्राला नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. "यंत्र बरोबर हाय. उद्या वायरिंग सुधारतो."

उद्या कुठला! त्याच दुपारी बाळंतपणाला आलेली माझी लेक गोदू म्हणाली, "आई, सकाळपासून पोटात काय हलत न्हाय गं." 

रिक्षात घालून दवाखान्यात नेली. अनंता यंत्र घेऊन मागं. बाईंनी पोटाला नळी लावली, पण भिंतीपलीकडं कापडाच्या कारखान्यात लूमची धडधड, काही ऐकू येईना. मी धावत जाऊन कारखान्याच्या शेठच्या हातापाया पडले. भला माणूस, "सब लूम बंद करो" म्हणाला. बाई पुन्हा वाकल्या. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"मला नीट कळत नाही. अनंता, तुझं यंत्र लाव."

त्यानं पोटावर माइक धरला, आयसीवर बोट टेकवलं. शिट्टी थांबली. स्पीकरमधून काहीच नाही. माइक सरकवला. तरी नाही.

"मेल्या, बोट नीट ठेव की!" मी ओरडले. "फुटकं यंत्र तुझं!"

बोट तसंच ठेवून त्यानं माइक स्वतःच्या छातीला लावला. धडधड, धडधड, खोलीभर आवाज.

यंत्र ठणठणीत होतं. बाईंनी मान खाली घातली.

गोदू डोळे मिटून पडली होती. एकदम हसली. "आई, ऐकलंस? कसं पळतंय बघ माझं बाळ!"

अनंतानं बोट उचललं. शिट्टी सुरू झाली.

"ताई," तो म्हणाला, "यंत्र बिघडलंय गं."