रॅकूनच्या आईचं काय करायचं?

अमेरिकेत आल्यापासून मी नऊ आया मरताना पाहिल्या, आणि सगळ्या पॉपकॉर्न खाताखाता. मुलांचं कार्टून म्हणून तिकिटं काढायची, अंधारात खुर्च्या शोधायच्या, आणि दहा मिनिटांच्या आत पडद्यावरची आई खलास. कुणी पुरात वाहून जाते, कुणाला लांडगा नेतो, कुणी तर सिनेमा सुरू व्हायच्या आधीच जाऊन भिंतीवरची तसबीर झालेली असते. बाप जगतात. सावत्र आया तर ठणठणीत जगतात. सख्ख्या आईनंच काय घोडं मारलंय कोण जाणे.

नेपरव्हिलला घरी परत येताना गाडीत माझी ही कटकट ठरलेली. माझा नवरा प्रल्हाद ड्राइव्ह करताकरता म्हणायचा, "अगं, सिनेमा आहे तो." एकदा मागच्या सीटवरून विवेक बोलला. आमचा एकुलता एक, तेव्हा अकरा वर्षांचा होता. साल पंच्याऐंशी.

"आई, इफ द मॉम इज देअर, नथिंग हॅपन्स. ती म्हणणार, जेवून घे, स्वेटर घाल, तिकडे जाऊ नको. मग स्टोरी कशी होणार?"

मी त्या वेळी मागे वळून त्याला स्वेटर घालायलाच सांगत होते, त्यामुळे मला फारसं बोलता आलं नाही. पण ते वाक्य लागलं. माशाचा काटा घशात अडकावा, तसं दोन दिवस मला ते गिळता येईना.

त्याच ऑक्टोबरात आमच्या लायब्ररीनं मुलांसाठी स्पर्धा काढली. बारा वर्षांखालच्यांनी दोन मिनिटांच्या आतलं कार्टून स्वतः बनवायचं. पहिला येईल त्याचं कार्टून गावातल्या जुन्या थिएटरमध्ये, शनिवारी दुपारच्या शोच्या आधी, मोठ्या पडद्यावर दाखवणार. छोटा मूव्ही कॅमेरा लायब्ररीच उसना देणार होती. विवेकला जेवण सुचेना. इतकं मनापासून काही हवं असलेलं मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं.

तळघरातल्या पिंगपाँगच्या टेबलावर त्यानं स्टुडिओ मांडला. खाली रंगवलेला पुठ्ठा, वर स्टँडवरून खाली बघणारा कॅमेरा, दोन बाजूंना दोन टेबललॅम्प. कागदाची कापलेली चित्रं पुठ्ठ्यावर ठेवायची, बटण दाबायचं, चित्र इवलंसं सरकवायचं, पुन्हा बटण. दीड मिनिटाच्या कार्टूनसाठी आठशे दहा वेळा सरकवायचं. गोष्ट होती रॅकूनच्या पिल्लाची. रॅकून म्हणजे आमच्या कचऱ्याच्या डब्यांवर रोज डल्ला मारणारे, डोळ्यांवर काळा पट्टा असलेले ते चोरटे प्राणी. पिल्लू रूट फिफ्टी-नाइन हा मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जातं, एवढीच गोष्ट.

आमचे देवही तळघरातच होते, त्याच टेबलाच्या बाजूच्या फळीवर. वर उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि एकदा तर शेजारचे धावत आले होते. म्हणून देव खाली. दिवेलागणीला मी खाली जायची, निरांजन लावायची, उदबत्ती लावायची, हात जोडायची आणि वर यायची. विवेक आपला त्याच्या टेबलावर वाकलेला. तो मला बघत नसे, मी त्याला अडवत नसे.

एका संध्याकाळी टेबलाच्या कडेला मला रॅकूनबाई दिसल्या. त्यांच्या अंगात हिरवं कार्डिगन होतं. माझ्याही अंगात तेच होतं. शेजारी दुसरी रॅकूनबाई, तेच कार्डिगन, पण आडवी पडलेली आणि डोळ्यांच्या जागी दोन फुल्या.

"हे काय रे?"

"दॅट्स द डेड वन," विवेक मान वर न करता म्हणाला. "ट्रक येतो, शी डाइज, मग पिल्लू रोड क्रॉस करतं."

"आणि हे कार्डिगन?"

"आई लोक तेच घालतात ना."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो दुष्ट नव्हता, कामात होता. मी देवासमोर उभी राहिले आणि काय मागावं ते सुचेना. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. सात समुद्र ओलांडून या पोराला वाढवायचं, आणि त्याच्या पहिल्यावहिल्या गोष्टीत आपण पंधराव्या सेकंदाला ट्रकखाली. उदबत्ती जरा जास्तच जोरात खोचली मी.

रीळ दुकानातून धुऊन आलं ते गुरुवारी. लायब्ररीनंच दिलेला प्रोजेक्टर भिंतीसमोर लावून आम्ही तिघं बसलो. पिल्लू चाललं, आणि विवेकनं श्वास रोखला. खरंच चाललं ते! मग एकाएकी चित्रावर पांढरी जळमटं नाचायला लागली. इकडून उठली, तिकडे गेली, पिल्लाच्या तोंडावर आली. ट्रक त्यात दिसेना, रस्ता दिसेना. शेवटपर्यंत तेच.

"कॅमेरा बिघडलाय," मी म्हणाले.

प्रल्हादनं नाक वर करून हुंगलं. इंजिनीअर माणूस. "सुलेखा, ही तुझी उदबत्ती आहे. त्यानं रोज संध्याकाळीच शूट केलंय."

आणि खरंच, माझ्या किंवा विवेकच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. माझ्या नाही, कारण उदबत्ती लावताना कोण विचार करतं? त्याच्या नाही, कारण तो धूर जन्मापासून त्याच्या नाकाखाली होता. दुसऱ्या घरातल्या मुलानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हा कसला धूर? आमच्या पोराला तो दिसलाच नाही.

"यू रूइन्ड इट!" विवेक ओरडला, आणि गालिच्यावर पालथा पडून रडायला लागला. लहान असताना रडायचा तसा, सगळ्या अंगानं. त्या संध्याकाळचा माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. फुल्या तर फुल्या, त्याचं कार्टून झालं पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

कार्टून लायब्ररीत द्यायचं होतं पुढच्या शनिवारी. दुकानाला रीळ धुवायला पाच दिवस लागायचे. म्हणजे सोमवारी सकाळी रीळ दुकानात पडायला हवं. मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार.

"ऊठ," मी म्हणाले. "मी हलवते, तू बटण दाब."

"यू डोन्ट नो हाऊ."

"अकरा वर्षं तुला हलवतेय. मला कागद हलवता येणार नाही?"

त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरचे देव उचलले आणि वर, किचनमध्ये, डाळीच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवले. त्यांना म्हटलं, रविवारपर्यंत धुराविना राहा, पोराचं काम आहे.

शुक्रवारी तो शाळेतून आला आणि आम्ही बसलो. त्यानं मला शिकवलं. पाय तांदळाच्या दाण्याएवढाच सरकवायचा, जास्त नाही. शेपूट पायाच्या उलट. सावली पडायला नको म्हणून हात लगेच मागे. दर दहा वेळांनी वहीत एक रेघ. माझं चुकलं की "नो, आई, नो!" आणि जमलं की नुसतं "ओके." त्याचं एक ओके मिळालं की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. आपलं पोर आपल्या कामात इतकं तरबेज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. प्रल्हादनं दोन दिवस खिचडी केली. पहिल्या दिवशी मीठ विसरला, दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं घातलं.

शनिवारी दुपारी ट्रकची वेळ आली.

"नाऊ मूव्ह द ट्रक," विवेक म्हणाला. ट्रक माझ्या बोटाखाली होता. समोर हिरव्या कार्डिगनमधली ती, पिल्लाकडे तोंड करून. मी एक दाणा सरकवला. दुसरा सरकवला. तिसऱ्याला माझं बोट पुढे जाईना.

"आई, कमॉन."

"मी नाही मारणार तिला."

"इट्स पेपर!"

"असू दे कागद. तुझ्या गोष्टीत आई मेल्याशिवाय पोराचं पाऊल घराबाहेर पडत नाही. का रे?"

"कारण ती जाऊच देणार नाही! मॉम्स नेव्हर लेट यू गो."

"मग मी इथे कशी आले?"

त्यानं बटणावरचा हात काढला. हे त्याच्या कधी मनातच आलं नसावं.

मी सांगितलं. सांगलीहून निघायच्या सकाळी मीच रडत होते. नको मला अमेरिका म्हणून उंबऱ्यात बसले होते. त्याच्या आजीनं माझ्या तळहातावर चमचाभर दही घातलं, शुभ कामाला निघताना आपल्याकडे घालतात तसं. मी ते चाटलं, आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला सरळ बाहेर ढकललं. म्हणाली, जा, आणि मागं बघू नको, मला भाजी निवडायची आहे. टॅक्सी वळेपर्यंत मी बघत होते. ती खरंच आत गेली होती.

"आजी पुश्ड यू?"

"चांगलं जोरात."

"अँड शी'ज नॉट डेड."

"परवा तर पत्र आलं तिचं. दातांच्या डॉक्टरशी भांडण झालंय."

विवेकनं कॅमेऱ्याच्या बटणाची तार बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मिसेस हॉफमन म्हणतात, प्रत्येक गोष्टीत सॅड पार्ट लागतो. जजेसना तो आवडतो." मिसेस हॉफमन म्हणजे लायब्ररीतल्या बाई, स्पर्धा त्याच घेत होत्या. "तो काढला तर आपण हरू."

"हरू," मी म्हणाले. "कार्टून तुझं आहे. तू सांगशील तसा मी ट्रक सरकवते. पण आया जाऊ देत नाहीत असं खोटं नको सांगू." माझं बोट अजून ट्रकवरच होतं. त्यानं ट्रक पुढे घ्यायला सांगितलं असतं, तर मला तो घ्यावा लागला असता.

त्यानं वहीतलं पान उलटलं आणि पेन्सिलीनं भराभर काहीतरी काढलं. फुल्यांचे डोळे असलेली आई उचलली, पालथी केली, तिच्या पाठीवर ट्रकचं मोठं चाक काढून कापायला घेतलं. "पुठ्ठा चांगला आहे," म्हणाला. मग कागदाला भोकं पाडायचं यंत्र आणून त्यानं पांढऱ्या कागदाची एक टिकली पाडली. ते दही. रॅकूनबाईंनी ते पिल्लाच्या पंजावर ठेवलं आणि त्याला मागून असा धक्का दिला की पिल्लू कोलांटी खाऊन रस्त्यावर. कोलांटीला अठरा वेळा सरकवावं लागलं.

"आणि मग ती काय, वाट बघत उभी?" मी विचारलं. "तिला काही कामं नाहीत?"

"वेट अँड सी," माझा मुलगा म्हणाला. सोमवारी सकाळी मी स्वतः रीळ दुकानात दिलं.

कार्टून दिल्यावर दोन आठवड्यांनी, शनिवारी, सगळ्यांना थिएटरमध्ये बोलावलं, पण पहिला नंबर कुणाचा हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ज्याचं कार्टून पडद्यावर येईल तो जिंकला. स्पर्धेतली एकवीस मुलं, त्यांचे आईबाप, शिवाय नेहमीच्या शोला आलेली दोनेकशे माणसं. विवेकला दोस्तांबरोबर पुढे बसायचं होतं. मी आणि प्रल्हाद मागे.

दिवे गेले. प्रोजेक्टर खरखरला. पडद्यावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रूट फिफ्टी-नाइन उलगडला.

प्रल्हादनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. पंजावर पांढरी टिकली आली, धक्का बसला, पिल्लानं कोलांटी खाल्ली आणि पोरं खिदळली. पिल्लू तळ्यावर गेलं. मासा धरला. मासा डोक्याएवढा मोठा. मासा ओढत परत निघालं, रस्त्याच्या मध्यावर आलं, आणि उजवीकडून ट्रक आला.

तिकडून आई कचऱ्याच्या डब्यातून बाहेर आली. रस्त्यावर उतरली. सगळं थिएटर चूप झालं. त्या सगळ्यांनी माझ्यासारखेच सिनेमे पाहिले होते, पुढे काय होणार हे त्यांना पाठ होतं. आमच्या पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "ओह नो, द मॉम!" आणि तिनं डोळ्यांवर हात घेतले.

रॅकूनबाईंनी डब्याचं झाकण उचललं आणि शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईसारखं ट्रकसमोर धरलं. थांब! ट्रक थांबला. नुसता थांबला नाही, नाकावर उभा राहिला. पिल्लू मासा घेऊन रस्ता ओलांडून गेलं. बाई कमरेवर हात ठेवून ट्रकवाल्याला काहीतरी सुनावत राहिल्या, आणि त्याच्या खिडकीतून त्याचं सँडविच काढून घेऊन चालत्या झाल्या.

असा आवाज मी त्याआधी कुठल्या थिएटरमध्ये ऐकला नव्हता. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, पॉपकॉर्न हवेत उडालं. ती चिमुरडी आईला गदागदा हलवत विचारत होती, "शी'ज ओके? शी'ज ओके?"

मिसेस हॉफमननी विवेकला स्टेजवर बोलावलं. माइक त्याच्या उंचीला खाली केला आणि विचारलं, आईला जिवंत ठेवायची कल्पना कशी सुचली?

विवेक लाजला. मग माइकमध्ये खरं ते सांगितलं. "आय वॉज गोइंग टू किल हर. माय मॉम वॉज मूव्हिंग द ट्रक, अँड शी जस्ट वुडन्ट."

थिएटर हसलं. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "शी वॉज राइट. इट्स अ बेटर स्टोरी." मग डोळ्यांवर हात धरून अंधारात आम्हाला शोधलं आणि त्या सगळ्या गोऱ्या माणसांसमोर, आपल्या दोस्तांसमोर, मोठ्यानं हाक मारली, "आई! उभी राहा ना!"

मी उभी राहिले, आणि टाळ्या थांबेपर्यंत खाली बसले नाही.