खियात गप्प झाली तेव्हा

मी बोलतेय. हो, मीच, दुपारच्या झोपेची छोटी गादी. गाद्यांनी ऐकायचं असतं, बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण जे ऐकलं ते पोटात ठेवून मला आता स्वस्थ पडवत नाही.

माझा जन्म थायलंडच्या इसान भागातल्या एका खेड्यातला. बुन्मी यायनं, याय म्हणजे आईची आई, घरामागच्या सावरीची बोंडं फोडली, बिया वेचून काढल्या आणि तो हलका कापूस चौकडीच्या जुन्या कापडात भरला. कापूस नाकात जाऊन ती सारखी शिंकत होती.

"नातीला करतेय," ती शेजारणीला म्हणाली. "नकटी आहे, काळी आहे. बेडकी नुसती."

"अगदीच कुरूप बाई," शेजारीण म्हणाली, आणि दोघी खूश झाल्या. गोड पोराला गोड म्हटलं की भुतं उचलून नेतात, म्हणून आमच्याकडे लाड असेच करतात. नातीला हाकही खियात अशीच मारायचे. खियात म्हणजे बेडकी.

खियातची आई जिन्तना खोनकेन शहरात एका हॉटेलात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायच्या टेबलावर बसते. नवरा तैवानला कारखान्यात. म्हणून याय मला बगलेत मारून लेकीकडे राहायला आली. दिवसभर आजी-नातीचं तोंड चालू.

"चिखलात कशाला गेलीस गं?"

"बेडकी आणखी कुठे जाणार?"

मी हसून हसून उसवायची बाकी राहिले होते.

जिन्तना वाईट नाही, हे आधीच सांगते. परदेशी पाहुणा काही विचारू लागला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मागून आलेली पोरगी इंग्रजीच्या जोरावर तिची साहेब झाली. माझं झालं ते लेकीचं होऊ नये, एवढंच तिच्या मनात. म्हणून तीन वर्षांच्या खियातला तिनं थाई आणि इंग्रजी अशा दोन भाषांच्या शाळेत घातलं. सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत जायची, शुक्रवारी धुवायला घरी यायची. त्यामुळे दोन्हीकडचं मला ठाऊक.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी जिन्तनानं मला एबीसीडीची खोळ चढवली. लेकीलाही नवं नाव दिलं, पॅनकेक.

"ते काय असतं गं?" यायनं विचारलं.

"गोड धिरडं असतं, आई."

"मग धिरडंच म्हण की."

जिन्तना हसली नाही. माझी खोळ नीट करत ती म्हणाली, "आई, एक सांगायचंय. उद्यापासून तू तिच्याशी बोलू नकोस."

"म्हणजे?"

"शाळेत थाई आणि इंग्रजी. त्यात तुझी गावची बोली घुसली तर तिच्या डोक्यात खिचडी होईल. जेवू घाल, न्हाऊ घाल, सगळं कर. फक्त बोलू नकोस."

"आणि तोंडातून निघालंच तर?"

"तर मला तुला गावी नेऊन सोडावं लागेल."

खियात तेव्हा माझ्यावर उड्या मारत होती. तिचे पाय जागच्या जागी थांबले. मी तर हबकूनच गेले. भांडेल, रडेल, निदान एखादं भांडं आपटेल असं वाटलं, तर यायनं नुसती मान डोलावली. लेकीच्या घरात आपली अडचण नको, हेच ती जन्मभर शिकलेली. त्या घरात त्या दिवसापासून चमचे वाजायचे, नळ वाजायचा, आणि माणसं वाजायची नाहीत.

शाळेत दोन बाई. सुपान्नीबाई थाईच्या, आणि टीचर रोवेना इंग्रजीच्या, त्या फिलिपिन्सहून आलेल्या. खियात वर्गात गेली, हात जोडले, बसली आणि गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही गप्प. सुपान्नीबाईंना ती फार आवडली.

"किती गुणी पोर! बघा रे, पॅनकेकसारखं बसायचं."

गप्प बसणारं मूल म्हणजे संस्कारी मूल, असं आमच्याकडे धरूनच चालतात. तिच्या हातावर चांदण्या चिकटवल्या गेल्या. जिन्तना त्या बघून सुखावली. पोरगी घरी बोलत नाही म्हणजे शाळेत बोलून दमत असेल, असा तिनं हिशेब केला. पावसाळा सरला, थंडी आली, तरी पोरीचा आवाज कुणी ऐकलाय का, हे एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. एवढी शहाणी माणसं, आणि हे सुचू नये?

मी मात्र ऐकत होते. दुपारी सगळी पोरं झोपली की ती माझ्या कोपऱ्यात तोंड खुपसायची. पाणी, मांजर, चिखल, भात. एक शब्द इंग्रजी, दुसरा थाई, तिसरा यायच्या बोलीतला, सगळे एका दमात. शब्दांचा नुसता ढीग पडला होता तिच्याकडे. मग ती बोलत का नाही? माझ्या डोक्यात काही उजेड पडेना.

एका शुक्रवारी टीचर रोवेनांना तिचे ओठ हलताना दिसले. संध्याकाळी फाटकात त्यांनी जिन्तनाला थांबवलं. मी खियातच्या काखेत होते.

"पॅनकेक घरी किती बोलते?" त्यांनी मोडक्या थाईत विचारलं.

"घरी नाही बोलत. इथे बोलते ना?"

"इथे ती एकदाही बोललेली नाही."

जिन्तनानं सुपान्नीबाईंकडे पाहिलं. त्या कसनुसं हसल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... पण फार गुणी आहे हो."

"घरी कोण बोलतं तिच्याशी?" रोवेनांनी विचारलं. जिन्तनानं खाली मान घालून सगळं सांगितलं. रोवेना म्हणाल्या, "मी घरात दोन बोली बोलत वाढले, इंग्रजी तिसरी. काही बिघडलं नाही. लहान मुलाला दोन काय, तीनही पेलतात. पण आजीच काढून घेतलीत, तर ती बोलणार कुणाशी?"

घरी येईपर्यंत जिन्तनाचा चेहरा पांढराफटक पडला होता. दारातच ती म्हणाली, "आई, बोल तिच्याशी. काय हवं ते बोल. मी चुकले."

दोनदा खाकरून याय म्हणाली, "जेवलीस का गं, बेडके?"

खियात दचकली. धावत आली, मला ओढून यायच्या डोक्यावर घातलं आणि स्वतः आत शिरली. माझ्याखाली दोघी. ती कुजबुजली, "याय, हळू. कुठला शब्द शाळेचा आणि कुठला तुझा, मला कळत नाही. चुकीचा बोलले तर आई तुला गावी सोडेल. म्हणून मी एकही बोलत नाही."

माझ्या कापसापलीकडे जिन्तना उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

त्याला आता वर्ष होत आलं. माझी शिवण उसवलीय, कापूस एका बाजूला गोळा झालाय. खियात टीचर रोवेनांशी इंग्रजी बोलते, सुपान्नीबाईंशी थाई, यायशी भांडते गावच्या बोलीत. बाबांनो, पोरांना खुशाल दोन भाषा द्या, लवकर द्या. पण त्या भाषांच्या बदल्यात घरातलं माणूस जाईल, अशी भीती त्यांना घालू नका. आमच्या खियातची ती भीती अजून गेलेली नाही. तोंड उघडायच्या आधी ती एकदा आईच्या चेहऱ्याकडे बघते. जिन्तना हसून मान हलवते, मगच तिचा पहिला शब्द बाहेर पडतो.