बारावी खूण

बोटांच्या ठशांच्या कार्यालयातला एक नियम ठसे तपासणाऱ्या ताईंनीच घालून दिलेला. चोरीच्या जागेवरचा ठसा आधी भिंगाखाली घ्यायचा, रेषांमधल्या खुणा लाल पेन्सिलीने टिपायच्या, आणि मगच पकडलेल्या माणसाच्या ठशांचा कागद उघडायचा. बारा खुणा जुळल्या तर सही. आज फौजदारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि चहाच्या नादात ताईंनी ते एकदमच पाहिले.

बारा जुळल्या. बारावी मात्र बोलावल्यासारखी आली, हे त्यांना खटकलं.

"करा सही," फौजदार म्हणाले. "कुलपं दुरुस्त करणारा आहे. मागच्या खेपेला दुसऱ्या एकाच्या वेळी तुम्ही अकरावर थांबलात. तो सुटला आणि महिन्याभरात दुसऱ्या घरात शिरून त्या शिक्षिकाबाईंचा हात मोडून बसला."

ताईंना हे सांगायला नको होतं. गेली चार वर्षं दर गुरुवारी त्या बाईंकडे जाऊन त्या भाजी चिरून देत. का, ते बाईंनी विचारलं नव्हतं, ताईंनी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या वहिनींना हाक मारली. ऑफिसभर त्या वहिनीच. जागेवरच्या ठशाचा तेवढा, खुणा न केलेला फोटो त्यांच्यापुढे सरकवला. "खुणा टिपा. बाकी काही विचारू नका."

"विचारलं तरी तुम्ही कुठं सांगता," म्हणत वहिनींनी भिंग ओढलं. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "अकरा. इथं खाली नुसता डाग आहे, ताई."

ताईंनी लिहिलं: अकरा. खात्री नाही.

"आणि हाच चोर असला तर?" फौजदारांनी विचारलं.

"तर माझ्या हातून दुसऱ्यांदा चोर सुटला."

"झोप लागेल?"

"माझ्या झोपेचं मी बघेन. डागावर सही करून त्याला आत धाडणार नाही."

संध्याकाळी कुलूपवाला घरी गेला, आणि ताई शिक्षिकाबाईंकडे.

"आज गुरुवार नाही," बाई म्हणाल्या.

ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वीचंही, आजचंही.

"चार वर्षांपूर्वीचं मला ठाऊक आहे. फौजदारांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर भाजी कोणी चिरली असती?" बाईंनी चांगल्या हाताने विळी पुढे सरकवली. "आणि आज अकराच दिसल्या ना? मग अकराच लिहायच्या. बसा, घेवडा आहे."