वरच्या शेतातली भाकड गाय

मी एक भाकड गाय बोलते आहे. हा शब्द या घरात इतक्या वेळा उच्चारला जातो, की तेच माझे नाव असावे असा पाहुण्यांचा समज होतो. दूध आटले म्हणजे गाईचे काम संपले, असे मानणाऱ्यांना काय समजवावे?

माझा जन्म याच डोंगरउतारावरच्या गोठ्यात झाला. घरात दोन जावा. वाटणीत थोरलीला गोठ्यालगतचे शेत मिळाले, धाकटीला वरचे, कड्याखालचे. मी मात्र सामाईक राहिले आणि तेथेच सारा घोळ झाला. धाकटी वरच्या उतारावरचे गवत कापून पाठीवरून खाली आणी. मी ते गोठ्यात खाई. शेण पडे ते थोरलीच्या खड्ड्यात. वरचा कस रोज असा खाली उतरे. परत चढत नसे. निम्मे खत वर न्यायचे, असे दरवर्षी ठरे. दोन खेपांत कंबर धरली, की उरलेले थोरलीच्या जवाला! खाली जव कमरेएवढे, वर वीतभर. आणि दोष कोणाला? तर बियाण्याला!

मागल्या हंगामात वरच्या शेतात बियाण्यापुरतेही पिकले नाही. तशात थोरली म्हणाली, "दूध नाही, वासरू नाही. नुसती खाते मेली. विकून टाकू."

"खाते ते जातं कुठे, जाऊबाई?" धाकटी खवळली. "तुमच्या जवात! माझ्या पाठीवरचं गवत तुम्ही दळून खाता."

"मग ने की शेण वर. अडवलंय कुणी?"

"शेण कशाला? गाईलाच नेते. तिला पाय आहेत."

हे पाय इतकी वर्षे कोणाला दिसले नव्हते, धन्य आहे!

पेरणीपर्यंत मी वरच्या शेतात राहिले. धाकटी रोज माझा खुंटा नव्या जागी ठोकी, म्हणजे शेण शेतभर पडे. यंदा तिच्या घरी जवाच्या पोत्यांची थप्पी लागली. खाली मात्र पीक खुरटले.

आज थोरली दावे घेऊन वर आली आहे.

"आता माझ्या शेतात बांधते."

"भाकड गाय कशाला हवी तुम्हाला?"

"पुरे झाले टोमणे. ऊठ गं!"

हे शेवटचे मला. बायांनो, आधी गवत कोणी आणायचे आणि मी कोणाकडे किती राहायचे, त्याची पाळी ठरवा. तोवर मी बसले आहे. उठवून दाखवा.